सासुरवाडीतला सोलो

गिटार सासुरवाडीला न्यायचं मी ठरवलं, त्यामागे माझा काही वाईट हेतू नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर पुष्कळ जण पुष्कळ काही बोलले (त्यात बायको आलीच), पण कारण साधं होतं. महाडला आमच्या बिल्डिंगमध्ये मला वाजवू देत नव्हते.

वाजवू देत नव्हते म्हणजे कुणी दारात येऊन भांडत नव्हतं. आमच्याकडची माणसं सभ्य आहेत. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात भेटले की "तब्येत बरी आहे ना?" असं काळजीने विचारायचे, एवढंच. शेजारच्या महरुन्निसाभाभी मी सुरू केलं की मिक्सर लावायच्या. मी जे वाजवतो ते दोन मिनिटं चाळीस सेकंद चालतं. तेवढ्या वेळात त्यांचं वाटण इतकं बारीक व्हायचं की माझ्या रियाजाने घरच्या मटणाच्या सागोतीला वेगळीच चव आली, असं त्यांचा नवरा जुल्फिकार स्वतः सांगतो.

जुल्फिकार माझा मित्र. त्याचे चार ट्रक आणि दोन टेम्पो आहेत. गिटार माझ्या आयुष्यात आली ती त्याच्यामुळेच. त्याचा धाकटा भाऊ शहबाज कुवेतला असतो. सात वर्षांपूर्वी सुट्टीवर येताना तो एक काळीभोर इलेक्ट्रिक गिटार आणि एक अँप्लिफायर घेऊन आला, गिटार गळ्यात अडकवून पंधरा दिवस फोटो काढले, त्याचं लग्न जमलं, आणि गिटार इथेच टाकून तो परत गेला. जुल्फिकारने ती उचलून माझ्याकडे आणली. म्हणाला, "मंगेश, तू कॉलेजला बाकडी बडवायचास, तुलाच शोभेल." तेव्हा मी चाळिशीचा होतो आणि एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत होतो. आता सत्तेचाळिशीचा आहे. आवक-जावक तीच आहे.

पण रॉकचं वेड त्याच्या कितीतरी आधीचं. हॉस्टेलवर माझ्या खोलीत एक कॅसेट होती, कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. गाणी इंग्रजी. त्यातले शब्द मला आजही कळत नाहीत. पण शब्द संपले की गिटारवाला पुढे येतो आणि एकटाच बोलायला लागतो, ते मला पहिल्या दिवसापासून कळलं. त्याला म्हणायचं सोलो. बाकी सगळे त्याच्या मागे उभे राहतात आणि तो एकटा मनातलं सगळं सांगून टाकतो. मला घरात किंवा कचेरीत सलग चार मिनिटं कुणी बोलू दिलेलं नाही, त्यामुळे असेल, पण मी त्या गोष्टीच्या प्रेमातच पडलो.

माझे आवडते सोलो पाच. त्यांची मूळ नावं लांबलचक आहेत आणि अनुपमासमोर उच्चारली की ती "काय? परत म्हणा" म्हणते, म्हणून मी त्यांना घरगुती नावं ठेवली आहेत. कचेरीच्या सवयीने एक रजिस्टरही केलं आहे: अनुक्रमांक, नाव, कालावधी, शेरा. पहिला 'सुस्कारा'. त्यात तो माणूस एकच सूर धरतो आणि सोडतच नाही. हॉस्टेलवर तो ऐकून मी ढसाढसा रडलो होतो (परीक्षेचा निकालही त्याच दिवशी होता, पण ते सोडा). दुसरा 'भांडण'. दोन गिटारी, एक बोलते, दुसरी उलट उत्तर देते, आणि शेवटी दोघी एकदमच बोलायला लागतात. हा अनुपमाला लगेच समजला. तिसरा 'जिना', वरून खाली धडाधड उतरणारा. तो ऐकताना आपणही हाताने कठडा शोधतो. चौथा 'निरोप', हळूहळू इतका बारीक होत जातो की संपला कधी ते कळत नाही. मी वाजवतो तेव्हा मात्र संपलेलं सगळ्यांना कळतं.

आणि पाचवा 'घाट'. हा माझा जीव की प्राण. आंबेनळी घाट चढणाऱ्या एसटीसारखा तो पहिल्या गिअरमध्ये कण्हत कण्हत सुरू होतो, वळणं घेत चढतो, आणि अगदी माथ्यावर गिटारवाला तार बोटाने अशी ओढतो की सूर जागच्या जागी उचलला जातो आणि वरच्या सुरावर जाऊन टेकतो. त्या एका क्षणासाठी मी सहा वर्षं बोटांची सालटी काढली. माझाही सूर उचलला जायचा. टेकायचा मात्र नाही. जरा खालीच लोंबकळत राहायचा, ना धड इकडचा ना धड तिकडचा. तरी रजिस्टरमध्ये 'घाट'पुढे शेरा होता 'येतो (बराचसा)'. बाकीच्या चारांपुढे 'येत नाही'. खोटी नोंद मी कचेरीतही करत नाही.

तर संक्रांतीनंतरच्या पहिल्या शनिवारी मी गिटार सासुरवाडीला न्यायचं ठरवलं. डोंगरातली वाडी, मोकळी हवा, मिक्सर नाही.

"तिथे आधीच वांदरांनी जीव नकोसा केलाय," अनुपमा म्हणाली, "त्यात तुम्ही."

मी दुर्लक्ष केलं. जुल्फिकारने टेम्पोने पोलादपूरपर्यंत सोडलं, वर ट्रकची एक जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टर दिला, कारण वाडीवरची वीज लहरी आहे. तिथून जीपने अर्धा तास वर.

माझे सासरे कोंडाजीमामा पंचाहत्तरीचे. अठरा वर्षांत ते माझ्याशी सगळी मिळून चाळीसेक वाक्यं बोलले असतील, आणि त्यातली निम्मी "जेवलात का?" ही. मी वाईट जावई आहे असं त्यांना वाटतं असं नाही. मी कशासाठी आहे ते त्यांना नेमकं कळलेलं नाही, एवढंच. पण संगीतातला त्यांचा अधिकार मोठा. पन्नास वर्षं शिमग्याला देवीच्या पालखीपुढे त्यांचा ढोल वाजतो, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय वाडीत कुणाचा हात ढोलावर पडत नाही. या माणसाने एकदा तरी आपलं वाजवणं ऐकून "बरं हाय" म्हणावं, अशी माझी फार इच्छा होती. मी ती कुणाला सांगितली नव्हती (अनुपमाला ठाऊक होती, पण ते न सांगताच).

आम्ही पोचलो तेव्हा घरात सुतकासारखी शांतता होती. राहीबाईमामींनी चहा ठेवता ठेवता सगळं सांगितलं. आदल्या वर्षी वानरांनी भुईमूग नेला, त्याआधी पावटा, फणस तर कधी पिकलेला पाहायलाच मिळत नाही. मामा गोफण घेऊन दिवसभर राखण करायचे, डबे बडवायचे, फटाके लावायचे. वानरं पहिले दोन दिवस पळायची आणि तिसऱ्या दिवसापासून झाडावर बसून फटाके बघायची. आता झऱ्याकाठच्या बारा वाफ्यांत पुन्हा भुईमूग उगवून आला होता. तो पण गेला तर मामा जमीन पडीक टाकून, घराला कुलूप लावून विरारला रितेशकडे, म्हणजे माझ्या मेव्हण्याकडे, जाणार होते. बोलून झालं होतं. रितेशने एक खोलीही रिकामी केली होती.

"विरारात काय करू गो मी?" मामी अनुपमाला म्हणाल्या. "चौथ्या मजल्यावर मला झोप तरी लागल का?"

अनुपमाने मागच्या दारी जाऊन उगाचच तुळशीला पाणी घातलं, ते पाणी सकाळी एकदा घालून झालेलं होतं. मला वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी गिटार काढतो.

पडवीत बसून, आवाज नीट वर करून, मी 'घाट' लावला. डोळे मिटले. चढलो, वळणं घेतली, माथ्यावर तार ओढली. डोळे उघडले तर मामा शेतातून पळत येऊन अंगणात उभे. हातात गोफण, छाती धपापतेय.

"परत वाजवा," ते म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात काहीतरी चूक झाली. मी परत वाजवलं. ते शेताकडे तोंड करून, डोळ्यांवर हात धरून, एकाग्रपणे ऐकत होते (काही लोकांना डोळे दूर लावून ऐकायची सवय असते). "अजून येकदा," ते म्हणाले. त्या दिवशी मी 'घाट' अकरा वेळा वाजवला. नंतर मामांनी स्वतः माझी बाज उचलून शेताच्या टोकाला, ऐनाच्या झाडाखाली नेऊन ठेवली. तिथे आवाज चांगला लागतो म्हणाले. मोठमोठ्या हॉलमध्ये आवाज कुठे चांगला लागतो याचा अभ्यास करणारी माणसं असतात. मामांनी ते नुसत्या कानाने ओळखलं होतं. दुपारी कोंबडं कापलं. अठरा वर्षांत माझ्यासाठी कापलेलं ते पहिलं कोंबडं.

रविवारी निघताना मामांनी मला गाठलं. म्हणाले, "जावईबुवा, पुढल्या शनवारी येताव ना? ते घेऊन?"

मी गहिवरून हो म्हटलं.

मग सुरू झालं माझं सोन्यासारखं पर्व. दर शनिवारी सकाळी वाडीत हजर. माझी वाट बघत माणसं बांधावर उभी असायची. बाज मांडलेली, उशाला ताक झाकून ठेवलेलं. शेजारच्या चंद्रभागाकाकी एकदा लाजत लाजत आल्या आणि आमच्या वरल्या मळ्यात पण येक दिस बसा म्हणाल्या. मी बसलो. पलीकडच्या वाडीतूनही निमंत्रण आलं. एक गोष्ट मला खटकली होती, की कुठेही गेलो तरी माझं तोंड रानाकडे आणि पाठ लोकांकडे, अशीच बाज मांडत. पण मी विचार केला, कलाकाराला समोर निसर्ग हवा, हे या माणसांना उपजतच कळतं. सगळ्यांना 'घाट'च लागायचा. त्यातही तो माथ्यावरचा सूर आला की माना डोलायच्या. मधल्या दिवसांत मामांचा कचेरीत फोन यायचा. सकाळी साडेदहाला, आवक-जावकच्या टेबलावर. "आता वाजवता का फोनवर? मी फोन शेताकडे धरतो." मी जवळ गिटार नाही म्हटलं की त्यांचा आवाज पडायचा. साहेबांनी विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं: सासऱ्यांना माझ्या संगीताशिवाय करमत नाही.

तुम्ही म्हणाल, या माणसाला कसं कळलं नाही? मला एक सांगा, सहा वर्षं मिक्सरच्या आवाजात वाजवलेल्या माणसाला कुणी "परत वाजवा" म्हटलं, तर तो कारण विचारेल का? माझे पाय जमिनीवर नव्हते. कचेरीत मी फाइलवर 'सादर' लिहिताना शेवटच्या अक्षराला झोकदार वळण देऊ लागलो. अनुपमा मधूनच माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडायची, आणि "काही नाही" म्हणून चपाती लाटायची.

मार्चमध्ये दोन शनिवार-रविवार मला जाता आलं नाही. वीस तारखेला चवदार तळ्यावर बाहेरगावची माणसं लोटतात, आमच्या कचेरीला आधीपासून व्यवस्थेच्या ड्युट्या लागतात. मामा फोनवर अगदी रडकुंडीला आले होते. तेव्हा माझ्या मनात आलं, की ज्या माणसाने आपल्याला एवढं प्रेम दिलं त्याला आपण लोंबकळणारा सूर ऐकवतोय. हे बरं नाही. काढणीच्या आत त्यांना 'घाट' पुरा ऐकवायचा. माथ्यासकट.

मी झपाटून कामाला लागलो. जुल्फिकारने त्याचं रिकामं गोदाम दिलं. शहबाजने कुवेतहून व्हिडिओ कॉलवर सांगितलं की माझ्या तारा जाड आहेत, बारीक तारा घाल आणि एका बोटाने नाही, तीन बोटं मिळून ओढ (सहा वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि शहबाजला एवढं येत होतं तर तो फक्त फोटो का काढत होता, तेही कळलं नाही). रोज संध्याकाळी कचेरी सुटली की दोन तास. बोटांना फोड आले, फुटले, तिथे गाठी झाल्या. आणि बाराव्या दिवशी मी तार ओढली आणि सूर वर गेला, आणि टेकला. अगदी जिथे टेकायला हवा तिथे. गोदामात मी एकटाच होतो, तरी मी उभा राहिलो. घरी येऊन एकदा वाजवला. भिंतीपलीकडे मिक्सर लागला नाही. दुसऱ्या दिवशी महरुन्निसाभाभींनी शेवया पाठवल्या.

मी हे अनुपमाला मुद्दाम सांगितलं नाही. गोदामात काय करता म्हणून तिने विचारलं तेव्हा जुल्फिकारची कागदपत्रं लावतोय म्हटलं. मला मामांच्या तोंडावरचा आनंद तिलाही अचानक दाखवायचा होता.

त्या शनिवारी वाडीवर पोचलो तर सगळे आवरून बसलेले. दासगावला नात्यात साखरपुडा होता, दोन जीपा भरून अख्खी वाडी निघाली होती, अनुपमाही त्यातच चढली. भुईमूग तयार होता, मंगळवारी काढणी. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हे पण पहिल्यांदाच.

"तुम्ही हाव म्हणून जातो," ते म्हणाले. "न्हाय तर आज शेत सोडून गेलो नसतो."

मला वाटलं, माझ्या रियाजाला एकांत मिळावा म्हणून चाललेत. केवढं मन या माणसाचं.

ऐनाखाली बाज. बॅटरी जोडली. समोर बारा वाफे, पलीकडे रान. मी डोळे मिटले आणि 'घाट' सुरू केला. त्या दिवशी मी जसा वाजवला तसा पुन्हा वाजवेन की नाही, सांगता येत नाही. एकेक वळण मोकळं. माथ्यावर सूर उचलला, टेकवला, धरून ठेवला, आणि अलगद सोडून दिला. संपल्यावरही मी थोडा वेळ डोळे मिटूनच होतो. मग टाळ्यांसारखा बारीक आवाज आला. कट, कट, कट.

डोळे उघडले. समोर तीस-पस्तीस वानरं. भुईमुगाची रोपं मुळासकट उपटून, शेंगा फोडून, मांडी घातल्यासारखी बसून शांतपणे खात होती. एक भला दांडगा हुप्प्या माझ्यापासून पाच हातांवर बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. आई आपल्या पिल्लाला घेऊन बसली होती. इतके श्रोते मला कधीच मिळाले नव्हते, आणि तेही माझ्याकडे तोंड करून. खरं सांगतो, आधी मला अभिमानच वाटला. वाफा दिसला तो नंतर.

मी ओरडलो, हात हलवले, चप्पल फेकली. हुप्प्याने चप्पल हुंगली आणि बाजूला ठेवली. मी अनुपमाला फोन लावला.

"अगं, वांदरं आलीत."

"मग वाजवा ना."

"वाजवलं. ती बसून ऐकतायत. खातायत आणि ऐकतायत."

पलीकडे साखरपुड्याचा गोंगाट ऐकू येत होता. मग ती हळूच म्हणाली, "अहो, तो वरचा सूर... तुम्ही तो बरोबर तर नाही ना लावलात?"

"बारा दिवस घासलाय मी. अगदी नेमका लागतोय."

"चुकवा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता चुकवा."

आणि मग तिने ते तीन वाक्यांत सांगितलं. पहिल्या दिवशी माझा तो लोंबकळणारा सूर ऐकून शेतातली वानरं जीव घेऊन पळाली होती, आणि एकदा वाजवलं की तीन-चार दिवस फिरकत नव्हती, पुढचे दिवस बाबा गोफणीवर भागवायचे. त्यांचं पिल्लू कुठे अडकलं की ते असंच रडतं, असं बाबांचं म्हणणं. आणि हे तिला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं, पण मी इतका खुश होतो, की तिला सांगवलंच नाही.

दोन-अडीच महिन्यांतली कोंबडी, ताक, माना डोलावणं, पाठीमागचे श्रोते, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मला रडायचं होतं, पण समोर दुसरा वाफा चालला होता. मामींना चौथ्या मजल्यावर झोप लागणार नव्हती. अनुपमाच्या माहेराला कुलूप लागणार होतं, आणि ते मी लावणार होतो, सुरात.

मी 'घाट' परत लावला आणि चुकवायला गेलो. चुकेना. तार अर्धी ओढायची ठरवली तरी तीन बोटं मिळून आपोआप वर नेऊन टेकवत होती. एका बोटाने प्रयत्न केला, बारीक तार तरीही पोचली. सहा वर्षं मी जी चूक बिनचूक करत होतो, ती आता जीव तोडून जमत नव्हती. तिसरा वाफा गेला. हुप्प्या दर वेळी त्या सुराला डोळे बारीक करायचा. चौथ्या वाफ्याला हात लागला तेव्हा कुठून कोण जाणे, मला आठवलं, की मला न येणारं अजून पुष्कळ आहे.

मी 'जिना' लावला. वरची पायरी बरी गेली. दुसरीही. तिसरीवर नेहमीप्रमाणे पाय घसरला आणि जो काही आवाज निघाला तो मलाच सहन झाला नाही. हुप्प्या ताडकन उभा राहिला. पाचवीवर मी पुन्हा पडलो, सातवीवर तर तार नखाखाली गेली. आईने पिल्लू पोटाशी धरलं आणि ती सुटली. मिनिटभरात ऐनाच्या शेंड्यापासून पार डोंगराच्या कडेपर्यंत फांद्या हलत गेल्या आणि शेत मोकळं झालं. मी थांबलो नाही. संध्याकाळी जीपचे दिवे वळणावर दिसेपर्यंत मी त्या जिन्यावरून पडत होतो.

मामा आले ते घरात न जाता थेट शेतात. बारा वाफ्यांतले चार गेले होते, आठ शाबूत होते. ते सगळीकडून फिरले, वाकून उपटलेली रोपं बघितली. मी गिटार पाठीमागे लपवून उभा होतो.

"मामा, माझी चूक झाली," मी म्हटलं.

"चूक झाली असती तर बरं झालं असतं," मामा म्हणाले.

पडवीत मामींनी दिवा लावला. जेवायची वेळ झाली नव्हती. थोड्या वेळाने मामांनीच बाजेवर अंग टेकलं आणि म्हणाले, काय वाजवलंत ते दाखवा तरी. माझी बोटं फुटली होती, पण मी 'घाट' वाजवला. या वेळी त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. त्यांची बोटं बाजेच्या कडेच्या लाकडावर ताल धरत होती. वळणावळणाने ती बरोबर आली, एकदाही सुटली नाहीत. माथ्यावर सूर टेकला तेव्हा बोटं थांबली. मी शेवटपर्यंत वाजवलं. मामा बाजेवर उठून बसले.

मग म्हणाले, "यात वांदरांचा काय दोस नाय."

मला आयुष्यात पुरस्कार मिळालेले नाहीत (कचेरीत एकदा वक्तशीरपणाचं प्रमाणपत्र मिळालं होतं, ते दुसऱ्याच्या नावाचं निघालं). पण ज्याने मान हलवल्याशिवाय ढोल वाजत नाही त्याने हे म्हटलं. अनुपमाने पदर तोंडाला लावला होता. ती रडत होती की हसत होती ते मी मुद्दाम बघितलं नाही.

"आणि ते दुसरं," मामा म्हणाले, "ज्यानं पळाली, ते येतं तुम्हाला?"

"नाही मामा. पण मन लावून सराव केला तर येईल. वर्षभरात नक्की."

"नका करू," मामा घाईने म्हणाले. मग जरा सरसावून बसले. "असली न येणारी किती हायत तुमच्याकडं?"

"चार."

मामांनी एक-दोन-तीन-चार बोटं मोजली आणि मामींकडे वळले. "मंग बियाणं काढून ठेव गो. आणि रितेशला फोन लाव. म्हणावं खोली भाड्यानं दे, आम्ही नाय येत."

या गोष्टीला आता वर्ष झालं. वाडीवर राखण 'जिन्या'ने चालते, आणि सासुरवाडीत मला जो मान आहे तो तालुक्यात कुठल्या जावयाला नसेल. फक्त महाडला अडचण झाली आहे. घरी गिटार घेतली आणि चुकून एखादी पायरी नीट उतरली, की स्वयंपाकघरातून अनुपमाचा आवाज येतो, "अहो, शिकताय की काय? बाबांच्या शेताचा जरा विचार करा."